एका ओळीवर सही

खरातबाई प्रोग्राम जमिनीवर अंथरून वाचत. पडद्यावर एका वेळी पंचवीस ओळी दिसतात आणि पंचवीस ओळींत कुणीही शहाणा दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्या सगळा प्रोग्राम छापून घेत, जोडकागदाची ती लांबलचक पट्टी कॉम्प्युटर विभागाबाहेरच्या व्हरांड्यात पसरत, चपला काढत आणि लाल-निळी पेन्सिल घेऊन कागदाच्या कडेनं चालत राहत. दोन ठिकाणी सारखाच मजकूर सापडला की खाली बसून दोन्हीकडं लाल रेघ ओढत. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात त्यावरून भरपूर चेष्टा चाले. "बाईंनी आज वाळवण घातलंय वाटतं," असं येणारा-जाणारा म्हणे. बाई मान वर न करता म्हणत, "व्हय, घातलंय. पाय पडू देऊ नका म्हंजे झालं."

बाई सिल्लोड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. एम.एस्सी. झालेल्या, पण मीटिंगमध्येही गावाकडचंच बोलत. मी एकदा दबकत सुचवलं, की साहेबांसमोर जरा शुद्ध बोललात तर बरं पडेल. त्या म्हणाल्या, "शेळके, त्यांना मी सांगितलेलं समजतं का नाय? समजतं. मग झालं की." मी खुलताबादकडच्या मेंढपाळाच्या घरातला. कारखान्याच्या दारात शिरताना मी माझी भाषा रोज बाहेर टांगून येत असे, म्हणून ते वाक्य मला झोंबलं.

त्या काळात प्रोग्राम लिहिणाऱ्यांत 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्द नवा होता आणि तो उच्चारला की पगारवाढ होते अशी आमची समजूत होती. त्यातला क्लास म्हणजे साचा. कामगार म्हणजे काय, त्याची कोणती माहिती ठेवायची, हजेरी कशी मोजायची, हे साच्यात एकदा लिहायचं आणि पुन्हा पुन्हा तोच साचा वापरायचा. आमच्या हजेरीच्या प्रोग्रामात मात्र एकाच कामाचे तीन साचे होते. पहिला कायम कामगारांचा. मग बदली कामगारांसाठी कुणीतरी त्याचीच नक्कल केली. सफाई खात्याची हजेरी मशीनवर आली तेव्हा तिसरी नक्कल झाली. तिन्ही नऊ-नऊशे ओळींचे, आत इतक्या अटी आणि अटींच्या पोटात अटी, की वाचणाऱ्यानं वाट चुकावी.

तिसरी नक्कल मी केली होती. नोकरीतला माझा पहिला महिना होता. फाइल कॉपी केली, नाव बदललं, आणि अर्ध्या दिवसात काम झालं म्हणून मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, माझी पाठ थोपटली. तशी शाबासकी मला पुढं बरीच वर्षं मिळाली नाही.

या प्रकरणाला तोंड फोडलं ते शेवंताबाईंनी. त्या आमचा विभाग झाडत. एक दिवस व्हरांड्यात पसरलेल्या कागदाच्या कडेला झाडू घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, ह्या कागदात माजं नाव हाय का?"

"कशापायी विचारता?"

"सलग हजेरी भरली की कायमच्या यादीत नाव येतं म्हनत्यात. दोन साल झाले, बदलीवाल्यांची नावं येऊन ऱ्हायली. आमच्यातल्या एकीचंबी येत नाय. हापिसात विचारलं तर म्हनत्यात, मशीनमधून निघत नाय. मी तर एक दिवस घरी बसली नाय. मशीन खोटं बोलतं का?"

"मशीन बोलत नाय, शेवंताबाई," बाई म्हणाल्या. "त्याच्या तोंडात कुणीतरी घातलेलं असतं. बघते मी."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं. तिन्ही साचे शेजारी शेजारी अंथरले होते आणि त्यावर इतक्या लाल रेघा, की कोरी जागा शोधावी लागत होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. बंद व्हायचा, कधी संचारबंदी लागायची आणि कारखाना स्वतःच फाटक लावून घ्यायचा. मूळ प्रोग्रामात असा दिवस गैरहजेरीत धरला जाई आणि सलग हजेरी पुन्हा शून्यापासून सुरू होई. तक्रारी आल्या तेव्हा पहिल्या साच्यात दुरुस्ती झाली. युनियननं आवाज केला तेव्हा दुसऱ्यात झाली. तिसऱ्यासाठी ओरडायला कुणी नव्हतं. फाटक लावायचं कारखान्यानं आणि गैरहजर राहायचं शेवंताबाईंनी, असा सगळा न्याय होता.

तिसरी नक्कल माझी होती. मी म्हणालो, "बाई, तिसऱ्यातपण ती दुरुस्ती चिकटवून टाकतो. दहा मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही."

"कळणार नाय म्हणूनच नको. आमच्या गावात दोन पाणवठे होते, शेळके. एक साऱ्या गावाचा, एक आमचा. गावाचा गाळ दर साली निघायचा. आमच्याला कायम उद्या. आज तू गाळ काढशील, पुढच्या साली कोण काढील? पाणवठाच एक पाहिजे."

तिन्ही साचे एक करायला मोठे साहेब अर्थातच नाही म्हणाले. "चालत्या गोष्टीला हात लावू नका" हा त्यांचा कुळाचार होता. बाईंची नेमणूक तात्पुरती, दर वर्षी वाढवून मिळणारी. त्या गप्प बसल्या असत्या तर त्यांना कुणी दोष दिला नसता. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत काम सुरू केलं.

त्यांची रीत अशी होती. एकदम मोठं काही करायचं नाही. तीन ठिकाणचं सारखं दिसणारं एक छोटं काम उचलायचं, एका जागी आणायचं, त्याला त्याचं खरं नाव द्यायचं. मग गेल्या वर्षाची सगळी हजेरी जुन्या आणि नव्या दोन्ही प्रोग्रामांतून काढायची, दोन्ही कागद एकावर एक ठेवून जालना रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेवर धरायचे आणि उन्हात बघायचे. एक आकडा जरी दुहेरी दिसला तरी केलेलं पुसून पुन्हा सुरुवात. मला धीर नव्हता. एकदा मी हळूच बंदच्या दिवसाची चूकही सुधारून टाकली. काचेवर आकडे जुळेनात. बाई रागावल्या.

"आधी जसं हाय तसं एका जागी आण. चुकीसकट आण. मग चूक काढ. दोन्ही एकदम केलं तर काय मोडलं आन् काय सुधरलं, हे तुलाबी सांगता येणार नाय."

तीन आठवड्यांनी तीन साच्यांचा एक साचा झाला. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'माणूस'. मी म्हणालो, नाव कशाला बदलता, पन्नास ठिकाणी दुरुस्त करावं लागेल, नावानं काय फरक पडतो? बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "आम्ही विद्यापीठाचं नाव मागितलं तेव्हा गावात आमच्या वस्तीतली घरं जाळली. मी शाळेत होते. आमचं दप्तर, धान्य, सगळं गेलं. नावानं काय फरक पडतो ते मला इचारू नको." त्या घराबद्दल त्या मला तेवढंच एकदा बोलल्या. मी पन्नासही ठिकाणी नाव बदललं.

आता सगळं एका जागी आलं होतं आणि त्यात एक ओळ उघडी पडली होती. सफाई खात्यातला असेल, तर बंदचा दिवस गैरहजर धरा. बाईंनी ती पुसली नाही. एका कोऱ्या कागदावर ती ओळ साध्या मराठीत लिहिली, खाली सहीसाठी रेघ आखली आणि मला घेऊन मोठ्या साहेबांकडं गेल्या.

साहेब आधी भडकले. "तुम्हाला सांगितलं होतं, हात लावायचा नाही. आणि ही असली ओळ कुणी लिहिली?"

"मी नाय लिहिली, साहेब. ती होतीच. नऊशे ओळींत दडून बसली होती, आता दिसाया लागली. ठेवायची असली तर सही करा. मी एक अक्षर हलवणार नाय."

साहेबांनी पेन उघडलं. ओळ पुन्हा वाचली. पेन बंद केलं. "बाई, तुम्ही हे जाणूनबुजून करताय."

"व्हय, साहेब."

ती नक्कल मी केली होती, हे सांगायची तीच वेळ होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिलो. बाईंनी माझं नाव घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. माझ्या त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. शेवटी साहेब कागद सरकवत म्हणाले, "काढून टाका ती ओळ."

पुढच्या यादीत सफाई खात्यातली अकरा नावं आली. शेवंताबाईंनी स्वतःचं नाव कुठं आहे ते विचारून घेतलं, त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. बाईंची नेमणूक त्या वर्षी वाढली नाही. कारण कुणी दिलं नाही, बाईंनी विचारलं नाही.

पुढच्याच संक्रांतीला विद्यापीठाचं नामांतर झालं. विद्यापीठाच्या फाटकापाशी पाय ठेवायला जागा नव्हती, तिथं मला बाई भेटल्या. त्यांची नोकरी गेली आणि माझी राहिली, हे मला बोलायचं होतं, पण डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "रडतो कशाला? हे नाव व्हायला सोळा सालं लागली. आपलं तीन आठवड्यांत झालं. अन् कागद काचेवर धरायचा आळस करू नको."

पुढं त्यांनी सिल्लोडमध्ये कॉम्प्युटरचे वर्ग चालवले. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. मला कळायला महिना लागला.

आज मी त्याच विभागाचा प्रमुख आहे. यंत्रं बदलली, भाषा बदलल्या, 'माणूस' तेवढा राहिला. मागच्या वर्षी कारखान्यानं फाटकावरच्या कामासाठी नवी एजन्सी आणली आणि नवे साहेब म्हणाले, "या लोकांसाठी वेगळी कॉपी करून टाका. त्यांचे नियम जरा वेगळे आहेत." मी म्हणालो, "करतो. काय वेगळं आहे तेवढं एका ओळीत लिहून द्या." त्यांनी हसत सांगितलं, मी कागदावर उतरवून घेतलं, खाली रेघ आखली आणि पेन त्यांच्यासमोर ठेवलं. उद्या बघू म्हणाले. तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. सहीची जागा अजून कोरी आहे.