पिवळ्या दिव्याचे तीन सेकंद

चूक माझी होती आणि ती मी दुसऱ्याच्या माथी मारली होती. उसाच्या रसाचा वास आला की ते आठवतं. तेव्हा मी वाहतूक अभियंता होतो आणि संगमनेरच्या एका चौकातल्या सिग्नलची वेळ मीच ठरवली होती : पिवळा तीन सेकंद, लगेच लाल. कारखान्याचा हंगाम सुरू झाला आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर लाल दिव्यात चौकाच्या मधोमध सापडला. एक मोटारसायकल थोडक्यात वाचली. मी ट्रॅक्टरवाल्याला सगळ्यांदेखत झापलं, परवाना रद्द करायला लिहितो म्हणालो. "सायेब, पिवळा दिसला तवाच ब्रेक दाबला हुता," तो म्हणाला, "मागचा ऊस माजं ऐकतो व्हय?" लोक हसले, मी चिडलो. पण पत्र लिहायला बसलो आणि हात थांबला. मी चौकातली वाहनं मोजली होती भर पावसाळ्यात, कारखाना बंद असताना! दुसऱ्या सकाळपासून स्टॉपवॉच घेऊन चौकात उभा राहिलो. भरल्या ट्रॉल्यांना तीन सेकंदांत ना थांबता येत होतं, ना पार होता येत होतं. मग पिवळा वाढवून पाच सेकंदांचा केला आणि त्यानंतर थोडा वेळ चारही बाजूंना लाल ठेवला. पुन्हा तोच ट्रॅक्टर आला, पिवळ्यात शिरला, शेवटची ट्रॉली चौकाबाहेर पडली आणि मगच आडव्या रस्त्याला हिरवा लागला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने शिट्टी मारली, मी तर टाळ्याच पिटल्या. तसाच स्कूटर काढून कारखान्यासमोरच्या रांगेत त्या ट्रॅक्टरवाल्याला गाठलं. आज पन्नाशी उलटली, पण त्या दिवसाइतक्या ताठ मानेने मी कधी कुणासमोर वाकलो नाही. सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांदेखत म्हणालो, "चूक तुमची नव्हती, माझी होती. मला माफ करा."