दिंडोरीचं वर्ष, कॅलिफोर्नियाचे गुण

बेंगळुरूच्या विमानतळाबाहेर पडले आणि देवनहळ्ळीला पहिल्यांदा दिसले ते द्राक्षांचे मांडव. निम्म्या मळ्यांत मात्र प्लॉटचे दगड रोवलेले. दिंडोरीच्या आमच्या दोघांच्या मळ्यात माझा भाऊ सुधीरही झिनफँडलच्या, म्हणजे वाइनच्या द्राक्षांच्या, वेली उपटायला निघालाय. त्याला तिथे खायची द्राक्षं लावायचीत. व्हाइटफील्डच्या वाइन क्लबने माझ्या वाइनची बाटली यादीत घेतली, तर वेली वाचणार होत्या.

हेब्बाळच्या पुलावर टॅक्सी तासभर रखडली. मी बाटल्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

क्लब म्हणजे एका सोसायटीचा हॉल. परीक्षक दोघे. निखिल पुण्याहून आलेला आयटीवाला. सुमित्राक्का (अक्का म्हणजे थोरली बहीण) कित्येक पिढ्या इथेच रुजलेल्या मराठी घरातल्या. त्यांनी घरून मटणाचं सारू (रस्सा) आणि मुद्दे (नाचणीचे वाफाळते उंडे) आणले होते. झिनफँडल तिखटाबरोबरच तपासायची, हा त्यांचा हट्ट मला एकदम पटला.

गुण तीन गोष्टींना होते: द्राक्षतोडणीचं वर्ष (विंटेज), उत्पादक आणि किमतीच्या मानाने दर्जा. अक्कांनी माझ्या वाइनचा घोट घेतला, वर सारू, पुन्हा घोट.

"छान आहे की गं! तिखटापुढं दबली नाही बघ."

निखिलने मोबाइलवर कुठल्या वर्षाला किती गुण याचा तक्ता काढला. "टेस्ट मस्त आहे ताई, व्हॅल्यूही आहे. पण विंटेज वीक. त्या वर्षी वणव्यांचा धूर द्राक्षांना लागला होता ना, मार्क्स कमीच बसतात."

"कुठे होता धूर?"

"कॅलिफोर्नियात."

"तो दिंडोरीपर्यंत आला नव्हता," मी म्हटलं. "आमची तोडणी फेब्रुवारीत. तेव्हा तिकडच्या वेलींना पानसुद्धा नसतं."

हॉलमध्ये हशा पिकला. निखिल वरमला, पण तक्ता सोडेना. "इंडियाचा तक्ताच नाहीये हो. असं करा, लेबलवरचं वर्ष काढून टाका. मी तो कॉलम स्किप करतो. लिस्टमध्ये नक्की येईल."

"सरी (बरं), स्वल्प (जरासं) लेबल बदललं तर काय बिघडतंय?" अक्काही म्हणाल्या.

बिघडत होतं. झिनफँडलच्या एकाच घडात हिरवे, पिकलेले आणि सुकलेले मणी असतात. त्यातच त्या वर्षी अवकाळी पाऊस. शेजाऱ्यांनी बागा सोडून दिल्या, आणि मी एकेक घड हातात घेऊन सडका मणी न मणी काढला होता. ते वर्ष झाकायचं? माझं डोकंच फिरलं.

"वर्ष राहील. त्याला शून्य द्यायचं तर द्या."

निखिलने खरंच कमी गुण दिले. बाटली यादीत आली नाही.

घरी पोहोचले, तर सुधीर ओट्यावरच उभा. "मग, उपटायच्या ना?"

"तुझ्या वाट्याच्या खुशाल उपट. माझ्या वाट्याची छाटणी सोमवारपासून."

परगावी गेलं की आपल्याकडे काय नाही ते नेमकं कळतं. आपल्याकडे तक्ता नाही. नसू दे. यंदाचं वर्षही मी लेबलवर ठळक छापणार आहे, मग ते कसंही जावो.