लागलेलं पातेलं

परबसरांनी माझी पळी मागितली, ती आमटीसकट. "धुव नको गो, तशीच दी," म्हणाले आणि थेंब गाळत समोरच्या फ्लॅटमध्ये शिरले. इकडे पाहुणे पानावर बसलेले आणि मी आमटी वाढतेय वाटीनं! सर आता नाहीत, पण आठवलं की अजून डोकं फिरतं.

मुलुंडला आमची दारं समोरासमोर. सर मूळचे मालवणकडचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून एकटेच असायचे आणि दिवसभर भांड्यांची चित्रं रंगवायचे. काजळी धरलेला तवा, पोचा पडलेला टोप, वाकडी किसणी. "अहो सर, एखादा गणपती काढा ना! लोक भिंतीवर तरी लावतील," मी वैतागून सांगायची. "देवांक काढणारे खूप आसत गो. तव्याक कोण आसा?" कपाळ माझं! माझी भांडी लख्ख असतात, तर त्यातही खोट. "तुझ्या भांड्यांक तोंडच नाय," म्हणायचे. आणि हे मी ऐकून घ्यायची.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते दोन दिवस हॉस्पिटलात होते, तेव्हा किल्ली माझ्याकडे होती. म्हटलं, म्हातारा माणूस घरी येईल, जरा आवरून ठेवू. स्टुलावर एक पातेलं होतं, तळाला दूध लागून पार कोळसा झालेलं. शी! सोडा घालून उकळलं, तारेच्या घासणीनं तासभर घासलं, तेव्हा कुठे चकचकीत झालं.

सर आले, पातेलं हातात घेतलं आणि उजेडाकडे धरून आत पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र त्यांनी वळवलं. तेच पातेलं, अर्धंच रंगवलेलं. काकूंच्या छातीत कळ आली, तेव्हा गॅसवर याच पातेल्यात दूध होतं, ते म्हणाले. त्या गेल्या, दूध जळलं. सरांनी ते पातेलं कधी धुतलंच नव्हतं. नीट दिसेना म्हणून चित्र अडलं होतं आणि त्यासाठीच तर डोळा करून घेतला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सर, ओरडा हो माझ्यावर," मी म्हटलं.

ओरडले नाहीत. चित्राच्या कोऱ्या भागावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "हयसून फुडे डाग कसो होतो गो? तू तासभर घासलंस मा? सांग."

डाग कसा होता, ते मला सांगता येईना. तासभर त्या डागाशी झगडले होते मी, पण त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.