निफाडची थंडी

प्रिंटरमधून निघालेल्या फोटोला शाईचा वास आला की मला माझी मैत्रीण मेधा आठवते, आणि अजून पोटात दुखतं.

निफाडला द्राक्षबागेला थंडी बाधू नये म्हणून पहाटे शेकोट्या पेटवल्या होत्या. आम्ही एकाच बांधावरून तोच धूर, तेच आभाळ टिपलं. मी कॉम्प्युटरवर आभाळ केशरी पेटवलं. तिने राखाडीच ठेवलं.

नाशिकच्या प्रदर्शनात, भर दुपारी, माझे वडील माझा फोटो पाहून म्हणाले, "वा! काय रंग आहेत रे!" मग तिच्या फोटोसमोर उभे राहिले. नुसतं स्वेटरचं वरचं बटण लावलं.

आज माझा तोच फोटो सगळा केशरी उतरवून पुन्हा छापला. बायकोला दाखवला.

"छान आलाय," ती म्हणाली, आणि पंखा वाढवला.