नजीर जिल्दसाज आणि लाल मुखवटेवाला

नजीर जिल्दसाजानं आयुष्यात एकही पुस्तक वाचलं नाही. त्याच्या लेखी पुस्तक म्हणजे शिवण, सरस आणि पुठ्ठा. नंदुरबारच्या कोर्टाची दफ्तरं, शाळांची रजिस्टरं, जुन्या पोथ्या, सारं त्याच्या पुस्तकं दाबायच्या शिकंज्यातून गेलं. पान फाटलंय का, कड सरळ बसली का, एवढंच तो बघायचा.

वाचायची ती अख्तरबानो, त्याची बायको. शिवणकाम तिच्याकडे होतं. माहेरी उर्दू शाळेत ती चार इयत्ता शिकली होती. उर्दू काही शिवायला आलं की आधी वाचून काढायची, मगच सुईत दोरा ओवायची. नजीर खळ ढवळत ओरडायचा, "गिऱ्हाईक दरवाजे में खडा है, बेगमसाहेबा!"

ती पानावरची नजर न काढता म्हणायची, "तो उसको बिठाओ. इधर मेरी कहानी खडी है."

त्रेसष्ट साली तिच्या पोटात गाठ धरली. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मुंबईला न्या म्हणून सांगितलं. अख्तरबानो नाही म्हणाली. का नाही, ते सांगेना. नजीरनं समजावलं, आवाज चढवला, एक दिवस जेवला नाही. तिनं त्याच्यापुढं ताट सरकवलं आणि पुन्हा शिवायला बसली. पुढं बसवेना, तेव्हा नजीरनं तिची खाट दुकानातच, शिकंज्यासमोर आणून टाकली.

त्याच सुमाराला छगन पाटील पोतं घेऊन आला. तापीकाठच्या गुजर घरातला मुलगा. मुंबईला साहित्य घेऊन बी. ए. झालेला, आता इथल्या एका हायस्कुलात मास्तर. घरची केळी, घरचा कापूस, पण याचा जीव रद्दीत. पोत्यात इंग्रजी चित्रांची मासिकं होती. लढाईच्या काळात गोऱ्या सोल्जरांनी टाकलेली, मग मुंबईच्या फूटपाथवर विकली गेलेली. सगळ्यांत माणूस एकच. डोळ्यांवर लाल मुखवटा, पाठीवर फडफडणारं कापड. छगनला त्यांचे जाडजूड खंड बांधून हवे होते.

"मास्तर, हाई तं पोरेसनं काम शे," नजीर हसला.

"बांधा हो नजीरभाई." छगननं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "पोऱ्या अजून मन्हामाच शे."

पहिला खंड तयार झाला. खाटेवर पडल्यापडल्या अख्तरबानोनं तो मागून घेतला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण चित्रांना भाषा कशाला लागते? दिवसचे दिवस खंड तिच्या छातीवर उघडा असायचा.

"सुनो," एका दुपारी ती म्हणाली, "ये आदमी घडीसाज है."

"कौन?"

"यही, मुखवटेवाला. पहले लोग इसको हार डालते, गले लगाते. एक मां अपना बच्चा इसके हाथ में देती. ये बच्चा लेके उडता है. मगर आगे घर को आग लगी है. बच्चा खिडकी में रह जाता है, चिल्लाता है. इससे होता नहीं. फिर अपनी कोठरी में आके मुखवटा उतारता, और घडियां खोलके बैठ जाता."

"फिर काहे का पहिलवान!"

"हर कहानी में ऐसाच. इत्ता जोर, और आखिर में वही टेबल-कुर्सी." तिनं खंड छातीवर पालथा ठेवला. "मेरेको बुरा नहीं लगता उसका. कोशिश तो करता है. फिर घर आके काम पे बैठता है. तुम्हारे जैसा."

नजीरच्या हातातला ब्रश तसाच राहिला. मुंबईला ती का नाही म्हणते, ते त्याला त्या दुपारी समजलं. तिनं शेवट आधीच बघून ठेवला होता. आणि आपण वाचलो नाही याचा दोष नवऱ्याला द्यायचा नाही, हेही ठरवलं होतं.

आठवड्यानं छगन खंड बघायला आला. अख्तरबानो पानं उलटत होती. तो थोडा वेळ बघत राहिला.

"भाभी, तुम्ही मागून वाची ऱ्हायनात!"

"मागून कैसे? किताब तो इधरसेच शुरू होती."

उर्दू उजवीकडून वाचायची, तोच हात. उजवीकडून पान, उजवीकडून चौकट. छगन हबकलाच. त्यानं खंड पालथा केला आणि डावीकडून सुरुवात केली. घडीसाज घड्याळं दुरुस्त करतोय. बाहेर आरोळी उठते. तो मुखवटा चढवतो. पेटलेलं घर, खिडकीतलं पोर, मग आईच्या कुशीतलं पोर, मग हार. सांगताना त्याचा आवाज वर वर गेला.

"पाह्यं? बचावस तो! दर टाइमले बचावस!"

"अच्छा," ती म्हणाली. पाहुण्याला म्हणावं तसं.

नजीर मात्र खळीचे हात तसेच घेऊन उठला. "फिरसे बताव, मास्तर."

छगननं पुन्हा सांगितलं. नजीरनं उभ्याउभ्या ऐकलं. पोर वाचतं. बायको उलटं वाचत होती, बाकी काही नाही.

छगन गेल्यावर तो खाटेशी बसला. "सुना ना? बचाता है वो. चल मुंबई."

"किताब में बचाता है."

"तूच तो किताब की बात करती थी!"

ती हसली. हसताना पोट दुखलं, तिनं हात दाबून धरला. मग नवऱ्याचं तोंड बघितलं. "चलो," ती म्हणाली. ते तिनं केवळ त्याच्याखातर म्हटलंय, हे नजीरला दिसत होतं. तरी त्यानं तो शब्द पकडला आणि मुंबईसाठी सुरतेकडची गाडी धरली.

मुंबईत डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. गाठ सगळीकडे पसरली होती. घरी न्या म्हणाले. पट्टी बदलताना नजीरनं शिवण बघितली. टाके सरळ आहेत, एवढंच त्याच्या मनात आलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

घरी आल्यावर छगन भेटायला आला. उंबऱ्यात उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

"नजीरभाई, मी भाभीले जे सांगं..."

"तुम्ही काय करशात, मास्तर. बठा." नजीरनं फडक्यानं पाट पुसला. छगन थोडा वेळ बसला आणि उठून गेला. खंड त्यानं मागितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अख्तरबानोनं खुणेनं पुस्तक मागितलं. नजीरनं ते तिच्यापुढं धरलं. मास्तरनं शिकवलं होतं तसं डावीकडून उघडलं. घडीसाज काम करत बसला होता. अख्तरबानोनं मान हलवली. खंड फिरवायला तिनं हात पुढं केला, पण तेवढं बळ नव्हतं.

नजीरनं खंड पालथा केला. उजवीकडून उघडला. हार, गर्दी, हसणारी आई.

ती काही सांगेना. मग तोच सांगू लागला.

"मां बच्चा देती है इसको."

"हं."

"ये लेके उडा."

"हं."

पुढच्या पानावर आग होती. खिडकीत पोर तोंड उघडून उभं होतं. नजीरचा अंगठा पानाच्या कडेवर अडला. तो कड चाचपत राहिला.

"पलटो ना," अख्तरबानो म्हणाली. "उसको घर जाने दो."

नजीरनं पान उलटलं.