सावलीचा वळसा

अकोल्याहून मोझरीच्या आश्रमापर्यंत पायी जायचं, हे आम्ही दोघा मित्रांनी नोकरीत असतानाच ठरवलं होतं. दोघंही मास्तर, एकाच शाळेतून निवृत्त झालेले. हायवेनं नाही, ट्रकांचा धूर खात कोण जाणार? पूर्वी भजनी मंडळी जायची त्या आडवाटेनं: म्हैसांग, दर्यापूर, वलगाव, अमरावती आणि मग मोझरी. आता तिकडून पायी फारसं कुणी जात नाही. मला मात्र तीच वाट हवी होती. माझे वडील त्या वाटेनं एकदा गेले होते आणि मरेपर्यंत सांगायचे, की सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून आपण पहिल्यांदा बसलो ते आश्रमातल्या प्रार्थनेत. आम्ही बौद्ध. माझ्या मित्राची जात सांगायची गरज नाही. त्याला ती कधी सांगावी लागली नाही.

दिवाळीच्या आधी एका रविवारी तो जेवायला आला. रविवारचं जेवण आमच्याकडे, हा त्याचा जुना हक्क. माझ्या बायकोच्या हातची ज्वारीची भाकर आणि ठेचा म्हणजे त्याचा जीव की प्राण. जेवता जेवता त्यानं मोबाइलवर रस्ता दाखवला. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी खारट, तेव्हा तिथं पाणी पाठीवर न्यायचं, हेही त्यानं ठरवून टाकलं होतं. दर्यापूरच्या पुढे मात्र रस्ता एकदम वळला आणि एका गावाला लांबून फेरा घालून परत आला. मुक्काम भलत्याच गावच्या शाळेत.

"हा वळसा कायले?"

"तिकडून सावली आहे लेका."

माझी पहिली नोकरी त्याच भागातली. त्या रस्त्यावर धड एक बाभूळ नाही. मग लक्षात आलं, टाळलेलं गाव त्याच्या मामाचं.

"मामाकडे मुक्काम काहून नाही?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "मामा जुना माणूस. आडनाव इचारते. मंग पान बाहेर ओट्यावर वाढाले लावते. तुहा अपमान मले पाहवणार नाही."

"मंग मामाले समजावून सांग ना."

"आता या वयात त्याले काय समजावतं? माहे गुडघे पाह्य, तरी मी जास्तीचं चालून राहिलो. तुह्यासाठीच ना?"

गुडघे दुखतात हे खरं होतं. माझ्यावर त्याचा जीव आहे हेही खरं, आणि म्हणूनच जास्त चीड आली. कुणी तोंडावर शिवी दिली तर उलटून बोलता येतं. हा माझ्यासाठी रस्ता वाकवून बसला होता आणि वर मी उपकार मानावेत अशी त्याची अपेक्षा होती. मामाला समजावता येत नाही, मला लांबून नेता येतं.

बायको आणखी एक भाकर घेऊन आली. त्यानं ताट पुढे केलं.

"एक सांग," मी म्हटलं, "तू दर रविवारी माह्या घरी जेवतं, हे मामाले माहीत आहे?"

तो हात धुवायला उठला. भाकर ताटात तशीच राहिली. नळ बराच वेळ चालू होता.

मी जाणं रद्द केलं. दिवाळीनंतर तो एकटाच गेला. परत आल्यावर प्रसाद द्यायला आला, तोही दारातूनच. बायकोनं विचारलं, चालताना त्रास झाला का? तो म्हणाला, नाही, सरळ रस्त्यानंच गेलो, मामाकडे मुक्काम केला.