अधिक ज्येष्ठाची ग्यारंटी

“संपली म्हंजे कशी संपली? ग्यारंटी काय गूळ हाये का, मुंग्यायनं खाल्ला? कागद वाच शेटजी, कागद!”

हे वाक्य खामगावच्या बाजारात, एका रेडिओच्या दुकानात उच्चारलं गेलं आणि जलंबच्या स्टेशनावर ऐकू आलं. थाप मारत नाही. तिथल्या गार्डानं इंजिनची शिट्टी समजून हिरवं निशाण दाखवलं आणि गाडी ड्रायव्हर चहा पीत असतानाच सुटली, असं सांगणारी माणसं मला भेटलेली आहेत. मी मात्र ओरडणाऱ्याच्या डाव्या बाजूला उभा होतो, त्यामुळे पुढचे दोन दिवस माझा डावा कान तेवढा कामावर होता.

ओरडणारे होते आमचे कागदबुवा. त्यांचं खरं नाव आमच्या उंद्री गावात कोणाला विचारलंत तर लोक आधी डोकं खाजवत आणि मग तुम्हालाच विचारत. गावाच्या वरच्या अंगाला त्यांचा वांग्यांचा आणि मिरच्यांचा मळा होता. मी तिथल्या शाळेत मास्तर, त्यांच्याच ओसरीवरच्या खोलीत राहायचो. बुवांना अक्षर म्हणून वाचता येत नव्हतं, पण कागदाशिवाय त्यांचं पान हलत नसे. कोणी काही कबूल केलं की ते कानावर हात ठेवत. “तोंडाचं मले ऐकू येत नाई. कागद दे.” हा सगळा दफ्तरखाना त्यांच्या फेट्यात राहत असे. एस्टीची तिकिटं, बियाण्याच्या पावत्या, पोस्टाच्या पोचा आणि स्वतःच्या लग्नाची पत्रिका. बायको जास्त बोलायला लागली की बुवा पत्रिका काढून तिच्यापुढं धरत आणि म्हणत, “पाय, तुह्या बापाचंच नाव हाये. म्या नाई बोलावलं तुले.” पाच वर्षांत फेटा इतका फुगला, की दाराची चौकट दोनदा वर सरकवावी लागली.

वाचता येत नसलं तरी कुठला कागद कशाचा, हे ते वास घेऊन सांगत. एकदा त्यांनी कुंभाराकडून माठ घेतला आणि त्याचीही ग्यारंटी मागितली. कुंभारही निरक्षर. त्यानं वैतागून माझ्या वहीच्या पानावर ओल्या मातीचा अंगठा उठवून दिला. तिसऱ्या दिवशी माठ झिरपला. बुवा एका हातात माठ आणि दुसऱ्या हातात अंगठा घेऊन हजर.

“बुवा, माठ झिरपतेच,” कुंभार म्हणाला, “म्हनून तं पानी थंडं होते.”

बुवांनी घटकाभर विचार केला. “बरोबर हाये,” ते म्हणाले. “मंग तसं लिवून दे.”

पण एक सांगायला हवं. जे दुसऱ्याकडून मागत, ते स्वतःही देत. चिखलीच्या बाजारात वांगी विकताना गिऱ्हाइकाला ठासून सांगत, “कडू निघालं तं परत आनजो.” एका बाईनं ते मनावर घेतलं आणि तासाभरानं वाडग्यात भरीत घेऊन आली, तेही अर्धं खाल्लेलं. बुवांनी चव घेतली, मान हलवली आणि तिच्या पदरात दुसरी वांगी टाकली. मग भाकरी काढून ते भरीत तिथंच संपवलं. मी विचारलं, “कडू होतं का हो?”

“नाई बे मास्तर. मीठ कमी होतं. पन शब्द माहा होता ना.”

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीचं, शांताचं लग्न चिखलीत झालं. पुढच्याच वर्षी धोंड्याचा महिना आला. जावयाला वाण द्यायचं. लोक चांदीचं तबक देतात, तेहतीस अनारसे देतात, जावई खूश होतो आणि आठ दिवस पोट धरून बसतो. बुवांनी ठरवलं, आपण रेडिओ द्यायचा. तेव्हा रेडिओ म्हणजे काय गंमत नव्हती. सगळ्या चिखलीत मोजून सहा असतील, आणि त्यातले दोन कपाटच निघाले. दोन हंगामांची वांगी विकून बुवांनी खामगावहून ती पेटी आणली. पाळण्याएवढी, सागवानी, मागं विटेएवढी बॅटरी. शिवाय पोस्टातून रेडिओचा परवाना काढावा लागतो हे कळल्यावर तर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. वस्तूबरोबर एक नाही, तीन कागद! परवाना, पावती आणि ग्यारंटीचं कार्ड.

रेडिओनं वर्षभर चिखली गाजवली. शांताची सासू शेजारणींना मर्जीप्रमाणे बसवायची. जिच्याशी पटतं ती रेडिओजवळ, जिच्याशी नाही ती उंबऱ्यावर. आणि मग पुढच्या वर्षी, वटपौर्णिमा होऊन तीनच दिवस झाले होते, रेडिओनं बातम्या सांगता सांगता घसा खाकरला आणि मौन धरलं ते धरलंच. चापट्या मारल्या, उन्हात ठेवला, लिंबू उतरवलं. हूं नाही की चूं नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण शांताला सातवा महिना होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. बुवा लेकीला आणायला गेले, तर विहीणबाईंनी रेडिओवर टॉवेल टाकून त्याचं तोंड भिंतीकडे केलेलं. त्या म्हणाल्या, “व्याही, तुमी पेटी देल्ली तवा बोलत होती. आता मुकी झाली. लोक आमाले हासून राह्यले. पेटी बोलली का सून पाठवतो. तंवर तिचं बाळंतपन इथंच.”

शांता दाराआड उभी होती. तिनं नुसता पदर तोंडाला लावला. बुवांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला कागद मागितला नाही. रेडिओ उचलला आणि निघाले. रात्री जेवलेही नाहीत. सकाळी मला म्हणाले, “मास्तर, कारडावर इंग्रजी हाये. तुमी चला वाचाले.”

खामगावच्या एस्टीत त्यांनी रेडिओ मांडीवर घेतला आणि कंडक्टरला म्हणाले, “याचं अर्धं तिकीट फाड.”

“मांडीवरच्या सामानाले तिकीट नसते, बुवा.”

“फाड म्हनतो ना! उद्या शेट म्हनीन, पेटी आनलीच नाई. मंग कागद कोन दाखवीन, तू?”

कंडक्टरनं रेडिओचं अर्धं तिकीट फाडलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. वयाचा रकाना त्यानं मोकळा सोडला.

दुकानात शेट गादीवर लोडाला टेकून बसले होते. माणूस भला, पण धंद्यात मुरलेला. कार्ड हातात न घेताच म्हणाले, “एक साल की ग्यारंटी. साल झालं, बुवा. संपली.” यावर बुवांनी जे उत्तर दिलं, त्याच्यानंच जलंबची गाडी सुटली.

मी कार्ड वाचलं. इंग्रजीत छापलं होतं, खरेदीच्या तारखेपासून एक वर्ष. मी कार्ड खाली ठेवणार होतो. बारा महिने कधीच उलटले होते. पण तारखेची जागा पाहिली आणि थांबलो. तिथं तारीख नव्हतीच. दुकानचे मुनीमजी जुने. इंग्रजी तारीख ते फक्त कोर्टासाठी वापरत. त्यांनी सवयीनं वळणदार अक्षरात मिती घातली होती, ‘अधिक ज्येष्ठ शुद्ध ५’, आणि वर दुकानचा शिक्का.

मी मोठ्यानं वाचलं. शेट हसले. “तीच गोष्ट. ज्येष्ठाची शुद्ध पंचमी पंधरवड्यामागंच होऊन गेली. मितीनं धरा नाही तर तारखेनं, मुदत गेली.”

एव्हाना दुकानापुढं गर्दी जमली होती. सरकीचे गाडीवाले, हमाल, तेलाच्या घाण्यावरची माणसं, एक लग्नाला निघालेलं वऱ्हाड बेंजोसकट. बुवांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, नाकाला लावलं आणि बोट ठेवलं. नेमकं मितीच्या पहिल्याच शब्दावर, देवाशपथ.

“शेटजी, यंदा आला तो साधा ज्येष्ठ. हा कोनता लिवला?”

“अधिक.”

“मंग अधिक ज्येष्ठाची पंचमी पुन्यांदा आली, तं वरीस भरलं. आली का?”

शेट लोड सोडून ताठ बसले. बुवा मुनीमजींकडे वळले. “मुनीमजी, तुमी लिवलं. तुमीच सांगा. अधिक ज्येष्ठ आता कवा येते?”

मुनीमजी सरळ माणूस. त्यांनी खुंटीवरचं पंचांग चाळलं, बोटांची पेरं मोजली, चष्मा पुसला आणि खाली मान घालून म्हणाले, “लिहिल्यापासून एकोणीस वर्षांनी.”

गर्दीतून जो हशा उठला, त्यानं दुकानातले बंद रेडिओ आपोआप लागले असतील, अशी माझी खात्री आहे. बेंजोवाल्यांनी तर वाजवायलाच घेतलं. शेट लाल झाले, पांढरे झाले, पुन्हा लाल झाले. “बुवा, हा न्याय आहे का? एकोणीस साल कोणती वस्तू चालते?”

बुवांचा आवाज एकदम उतरला. एवढा, की मी पहिल्यांदा पुढं वाकून ऐकला. “शेटजी, मले एकोनीस वर्सं नाई पायजेत. माही पोरगी घरी याची हाये. पेटी बोलली का तिची सासू पाठवते. एवढंच.”

शेटनी पेटी जवळ ओढली. कारागिराला हाक मारली. आतली एक काचेची नळी गेली होती. ती बदलली आणि पेटी भर बाजारात नागपूरच्या केंद्रावरचे कापसाचे भाव सांगू लागली. कार्ड परत देताना शेट मुनीमजींना एवढंच म्हणाले, “उद्यापासून तारीख घालत जा.”

चिखलीला रेडिओ दारातूनच बोलत आत गेला. विहीणबाईंनी टॉवेल काढला, शांताची ट्रंक स्वतः उचलून बाहेर आणली आणि बुवांना म्हणाल्या, “घ्या व्याही, तुमची पोरगी.” बुवा हात जोडून म्हणाले, “कागद नका देऊ. याचा नाई लागत.” शांताला उंद्रीतच मुलगी झाली. पोरीचा पहिला टाहो ऐकून बुवा ओसरीवर फेटा सावरत मला म्हणाले, “आवाज माह्यावर गेला, मास्तर. हिले दुरुस्ती लागत नाई.”

त्यानंतर त्या रेडिओनं बुवांची आणि शेटची दोस्ती करून टाकली. दर दोन-तीन वर्षांनी पेटी बसे, बुवा तिचं अर्धं तिकीट काढून खामगावला नेत, सोबत टोपलीभर वांगी. “ग्यारंटी हाये,” बुवा दारातून म्हणत. “माहीत आहे,” शेट आतून म्हणत. आणि दोघं चहा पीत भांडत बसत. ग्राहकाच्या हक्काचा कायदा सरकारनं पुढं पुष्कळ वर्षांनी केला. तो वाचताना मला सारखं वाटलं, याच्यावर कुठंतरी वांग्याचा वास असायला हवा.

मग पेटीची तब्येत बिघडेनाशी झाली आणि बुवांची खामगावची फेरी थांबली. दोनेक वर्षांनी ते गेले. झोपेतच, काही न बोलता. आवाज एवढा मोठा असलेला माणूस इतका हळू गेला, हे गावाला दुपारपर्यंत पटत नव्हतं.

आणि अधिक ज्येष्ठ आला. एकोणीस वर्षं भरत आली. चतुर्थीच्या दिवशी शांता माझ्या दारात उभी, कडेवर रेडिओ, हातात बुवांच्या फेट्यातलं कार्ड. “गुरुजी, काल मुका झाला. उद्या पंचमी हाये. तुमी चला.”

दुकानात आता टेपरेकॉर्डर आणि ट्रान्झिस्टर मांडले होते. गादीच्या जागी काउंटर, काउंटरमागं शेटचा मुलगा. त्यानं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि हसला. “बाई, एकोणीस वर्षांपूर्वीचं आहे हे. असली ग्यारंटी कुठं असते का?”

मागं आरामखुर्चीत म्हातारे शेट डोळे मिटून बसले होते. त्यांनी डोळे उघडले. रेडिओ पाहिला. शांताच्या मागं दाराकडे पाहिलं.

“बुवा नाही आले?”

“बाबा गेले, काका,” शांता म्हणाली. “दोन वर्सं झाले.”

शेटनी फक्त हात पुढं केला आणि म्हणाले, “कागद दाखव.”

शांतानं माझ्याकडे पाहिलं. कोणता कागद, तिला कळेना. शेवटी तिनं काउंटरवरचं तेच कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. शेटनी ते नाकाजवळ नेलं, मुनीमजींच्या अक्षरावरून अंगठा फिरवला आणि मुलाकडे दिलं.

“एक दिवस आहे अजून. घे आत.”